खाली पैरा राहीन

पुरानी बस्ती, रायपूर
२ डिसेंबर २०१७

दादा,

माहं अक्षर पाहून पाकीट तसंच फाडशीन, म्हनून वरचा पत्ता शेजारच्या दीदीकडून लिहून घेतला. आतलं माहंच आहे. सातवीत शाळा सुटली तेव्हा होतं तसंच अक्षर राहिलं. आता उघडलंच आहे तर वाच.

फोन केले होते. पोट्टी झाली तेव्हा केला, तिचं बारसं झालं तेव्हा केला. आधी वाजत होता, मंग वाजनंच बंद झालं. दीदी म्हने, "तुमको ब्लॉक कर दिए हैं." म्या म्हनलं, नाही, फौजेत फोन ठेवू देत नसन. पोट्टीचं नाव राधिका आहे. आता भितीले धरून उभी राहते. कान तुह्यासारखे आहे, बाहेर निघालेले. आईले फोटो पाठोला होता. तिनं तुले दाखवला असन नाहीतर लपवला असन.

इकडे सगळं बरं आहे. इंद्रजीत आता मौत का कुआं मधी गाडी नाही चालवत. ज्याच्यापायी तू म्हनला होता का लाकडाच्या विहिरीत गोल गोल फिरनाऱ्या माकडासंगं पळाली, आता मले बहीन नाही, ते काम सुटलं. फळ्या सडल्या, मालकानं विहीर विकून टाकली. आता तो हरिदास भैयाच्या कंपनीत आहे. हरिदास भैया उत्सवात, मेळ्यात खेळ लावते. मोठा मानूस आहे, त्याच्या गाडीत बसलं तर थंडी वाजते.

आता असं आहे का नव्या रायपूरात नवीन सालाचा मोठा उत्सव आहे. तू नवा रायपूर पाह्यलं नाही. रस्ते एवढे रुंद का ह्या बाजूनं हाक मारली तर त्या बाजूच्या मानसाले ऐकू येत नाही, आन मानूस तर तसाही नसते. साहेब लोक संध्याकाळी बसमधी बसून जुन्या रायपूरले वापस येते, मंग रस्त्यावर गाई बसते. तिथं हरिदास भैयानं एक मशीन आनली. तीन चाकाची, मागं मोठा पंखा, वर रंगीत कापड फुगते, आन दोन मानसं बसून उडते. म्या उडताना पाह्यली. मानूस मुंगीएवढा दिसते. त्या मशीनवरून इंद्रजीत कूदनार आहे. खाली चालत्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. टीव्हीवाले येनार आहे.

म्या हरिदास भैयाले विचारलं, जी, याच्यात जिवाचं काही? तर हसला. म्हने, "अरे भाभी, नीचे पैरा रहेगा ना! मोटा पैरा. डर किस बात का?"

पैरा म्हनलं तर मले तूच आठवला. तू पैरा पलटनीत गेला तेव्हा आईनं साऱ्या मोहल्ल्यात सांगतलं होतं, माहा पोट्टा पैरात आहे, पाठीवर छत्री बांधून आभाळातून उतरते. म्हनून मले हायसं वाटलं. आन खरं सांगू, थोडा ताठाही आला. म्हनलं आता तू एकटाच आभाळातून उतरनारा नाही.

इंद्रजीतच्याही मनात तेच आहे. लग्नापासून म्हनते, "एक दिन तेरे भाई को दिखाऊंगा, ऊपर से मैं भी उतरता हूं."

सहज विचारून राहिली. पैराच्या भरवशावर कूदलं तर मानूस वाचते ना? तुले माहीत आहे म्हनून विचारलं, दुसरं काही नाही. मले भीती नाही.

पायल

११ डिसेंबर

दादा,

आधीची चिठ्ठी फाडली नसशीन तर आता फाड. त्यात म्या येड्यासारखं लिहिलं.

परवा इंद्रजीत घरी आला तर केसात, सदऱ्यात, सगळीकडे काड्या. मी पोट्टीले भात चारून राहिली होती. म्या म्हनलं, कुठं लोळून आले?

"अभनपुर गए थे. पैरा लाने."

म्या म्हनलं, मंग कुठं आहे? दाखवा तरी, माह्या भावाचं असते तसंच आहे का?

त्यानं केसातून एक काडी काढली आन माह्या नाकापुढं धरली. "ये क्या है?"

"तनीस."

"क्या नीस?" असा हसला का पोट्टीही हसाले लागली. सासूचं माहेर आपल्याकडचं, ती चुलीजवळून म्हने, "अगं बाई, याले इकडे पैरा म्हनते. दोन वर्षं झाले येऊन, तुले पैरा नाही मालूम? अभनपूरकडे जाय, घराघरात पैरावट, तनशीचा ढीग, लागलेली असते."

दादा, आपल्याकडे धान झोडलं का जे उरते, गाईपुढं टाकतो ते, त्याले हे लोक पैरा म्हनते. तुह्या पाठीवर असते ते नाही. त्याच्या पाठीवर काहीच नाही. मशीन खाली येनार, तीन माळ्याच्या बिल्डिंगएवढी उंच राहीन, ट्रॉली खालून पळन, आन इंद्रजीत हात सोडन. तनशीवर पडन. पडला तर.

आन हे मायलेक हसून राहिले होते. तेव्हापासून इंद्रजीत मले नावानं हाकच मारत नाही. "ऐ तनीस, चाय ला. ऐ तनीस, मेरा जूता कहां है?"

काल पाहाले गेली होती. मानसाच्या जागी आधी पोतं टाकून पाह्यलं. पोत्यात कोंडा भरला, त्याले इंद्रजीतचाच सदरा घातला, लग्नातला, जांभळा. हरिदास भैया म्हने, "वजन भी उतना, कपड़ा भी वही, पूरा इंद्रजीत." मशीन आली. पायलट बाहेरचा आहे, कोनाशी बोलत नाही. पोतं सोडलं. ट्रॉली पुढं गेली होती. पोतं रस्त्यावर फुटलं, कोंडा उडाला, आन बाजूले बसलेली एक गाय उठली, आली, आन सदऱ्यात तोंड घालून खाऊ लागली. सगळे हसले. इंद्रजीत सगळ्यात जास्त हसला. "देखो, मेरे को गाय खा गई!"

मी उभीच राहिली. गळ्याजवळचं बटन गाईच्या तोंडात होतं.

मंग अजून टाकले. काही ट्रॉलीत पडले, काही नाही. जे पडले त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. जे नाही पडले त्याच्यासाठी म्हने ड्रायवर नवा आहे, शिकन.

म्या घरी आल्यावर म्हनलं, नका जाऊ. तो म्हने, "कुएं में चलाता था तब तो ताली बजाती थी." खरं आहे. तुमसरच्या मेळ्यात मीच सगळ्यात जोरात वाजवली होती. पन विहिरीत त्याच्या हातात हँडल होतं.

तू रोजच आभाळातून कूदते. तूच सांग, असं होते का? तनशीवर मानूस थांबते का? मले नाही सांगायचं तर नको सांगू. त्याले सांग. तो माहं ऐकत नाही, सासू तर टीव्हीवर दिसनार म्हनून नवं लुगडं काढून बसली. ३१ तारखेले आहे, दुपारी.

पायल

२१ डिसेंबर

दादा,

तुही चिठ्ठी आली. दोन वर्षांनी आली. डाकियाच्या हातून इंद्रजीतनं घेतली, मी धाब्यावर कपडे वाळत टाकून राहिली होती. खाली आली तर तो पायरीवर बसून अक्षर अक्षर लावून वाचत होता. त्याले मराठी बोलनं समजते, वाचनं जड जाते. बोट ठेवून वाचत होता.

माह्याजवळ आता ती चिठ्ठी नाही, पन पाठ आहे. तू लिहिलं, "पायल, पैरा नीट बांधलेलं असलं तर काही होत नाही. कस्सून बांधलं पाहिजे, ढिलं ठेवायचं नाही. मी लय वेळा कूदलो आहे. भरवसा ठेव, घाबरू नको. पोट्टीले आशीर्वाद."

वरती तारीख आठ होती. म्हनजे माही पहिलीच चिठ्ठी तुले भेटली होती, दुसरी नाही. दुसरी तेव्हा लिहिलीच नव्हती.

तुह्या चिठ्ठीत एक शब्द वाईट नाही. मी तीन गोष्टींसाठी रडली. एक, का तू लिहिलं. दुसरं, का राधिकाले आशीर्वाद देल्ला. आन तिसरं आता सांगते.

इंद्रजीत ती घेऊन सरळ हरिदास भैयाकडे गेला. हरिदास भैयानं सगळ्यायले गोळा करून त्याले मोठ्यानं वाचाले लावली. जेवढं समजलं नाही तेवढं लहानूनं सांगतलं. लहानू भंडाऱ्याकडचा आहे, विहिरीत इंद्रजीतसंगं गाडी चालवाचा, आता इथंच आहे. हरिदास भैया म्हने, "लो! फौज का आदमी खुद लिख रहा है कि पैरा से कुछ नहीं होता. और क्या चाहिए?" मंग त्यानं बाजारातून नायलॉनचा दोर मागवला. तू कस्सून बांधाले सांगतलं ना. सगळी तनीस पेंढ्या पेंढ्या करून बांधून टाकली, एवढी घट्ट का बोट आत जात नाही. सुटी होती तेव्हा निदान नरम होती.

म्या इंद्रजीतले म्हनलं, अहो, दादानं ते लिहिलं नाही. त्यानं कापडाच्या छत्रीचं लिहिलं. म्याच त्याले उलटं विचारलं होतं.

"तेरा भाई पैरा लिखा है कि नहीं लिखा है?"

"लिहिलं."

"तो?"

"पन त्याचं पैरा वेगळं..."

"देख तनीस, दो साल बाद तेरे भाई ने मेरे बारे में एक अच्छी बात लिखी है. वो भी तेरे से सहन नहीं हो रही."

तुह्या चिठ्ठीत त्याचं नावही नव्हतं. तरी ती घडी करून खिशात ठेवते, देवाच्या अंगाऱ्यासारखी. चाय प्याले गेला तरी लोकायले सांगते, मेरा साला पैरा में है, उसने बोला है. त्याचं असं तोंड म्या कधी पाह्यलं नव्हतं. लग्नातही नाही. आता मी काय बोलू? तू त्याले माकड म्हनला होता तेच बरं होतं. तो राग धरून जिवंत तरी होता.

खाली दीदीचा नंबर लिहिला आहे. तिच्या घरी फोन कर. माह्याशी बोलाचं नसन तर नको बोलू. म्हन का इंद्रजीतले द्या, आन त्याले एवढंच सांग का ते पैरा वेगळं. एका मिनटाचं काम आहे. मी दीदीच्या दारात बसून राहीन.

पायल

३ जानेवारी २०१८

दादा,

दीदीचा फोन वाजला नाही. तिच्या फोनवरून म्या लावला तर तुहा बंद लागला. दीदी म्हने ड्यूटी असन, जंगलात असन. दीदी भली आहे. मी म्हनलं हव, असन.

तर ऐक, काय झालं.

सकाळी हरिदास भैयाची गाडी आली, सासूले पुढं खुर्ची देल्ली, मलेही देल्ली. इंद्रजीतनं चमकीचे कपडे घातले होते, आन खिसा चाचपून पाहात होता, चिठ्ठी आहे का नाही. जाताना म्हने, "रो मत, फोटो खराब आएगा."

तो मशीनकडे गेला तशी मी पोट्टीले घेऊन पेंडालच्या मागं गेली. ट्रॉली उभी होती. ड्रायवर चाय पिऊन राहिला होता. मी चाकावर पाय ठेवून वर चढली. आधी पोट्टीले ठेवलं, मंग मी. दादा, तनीस नव्हती ती, ओटा होता. बसली तर हाडाले लागलं. म्या हातानं दाबून पाह्यलं, टाचेनं मारलं, हालत नाही. पेंढ्यायच्या बाजूले कोनाचा तरी हसिया पडला होता, आपला विळा. म्या दोर कापाले सुरवात केली. एक कापला का पेंढी फुगून वर येत होती, जशी दम कोंडलेली होती. पोट्टी शिंकून राहिली होती, हसून राहिली होती, तिले वाटलं खेळ आहे. सगळे कापले. हातानं उपसून उपसून सुटी केली, मायच्या गोठ्यात करत होतो तशी. हात सोलले.

उतरनार होती. खरंच उतरनार होती. पन मले ते पोतं आठवलं, जे ट्रॉलीत पडलंच नव्हतं. मंग मी उतरली नाही. तनशीच्या मधात बसली, पोट्टीले मांडीवर घेतलं.

ड्रायवरनं मागं पाह्यलं नाही. ट्रॅक्टर निघाला. पेंडालसमोर आलो तशा लोकायनं बोंबा मारल्या. "ए बाई, उतर न! मरबे का?" माइकवाला म्हने, "अरे भाभीजी, आपका टिकट अलग से लगेगा!" सगळे हसले. वरून मशीन आली. एवढी खाली का इंद्रजीतच्या जोड्याचे तळवे दिसले. तो दांड्याले लटकला होता. म्या पोट्टीले दोन्ही हातानं वर धरली. काही बोलली नाही, त्या पंख्याच्या आवाजात कोनाले ऐकू गेलं असतं? फक्त वर धरली, का पाह्य, हे आहे खाली.

मशीन डोक्यावरून गेली. फिरून पुन्हा आली. पुन्हा गेली. मंग तिकडं दूर उतरली.

तो पळत आला. मले हाताले धरून ओढली आन सगळ्यायसमोर मारलं. हे लिहिनार नव्हती, पन लिहिते. त्याच्यापेक्षा सासू जे बोलली ते जास्त लागलं. म्हने, "पोराचं नाक कापाले आली होती ही."

हरिदास भैयानं घड्याळ पाह्यलं आन लहानूले म्हने, "तू जाएगा?" लहानू म्हने, "जाईन ना जी." त्याले घरी कोनी नाही. ते चमकीचे कपडे इंद्रजीतच्या अंगातून काढून त्याले घातले. इंद्रजीत गंजीफ्रॉकवर उभा राहिला, थंडीत.

आन लहानू कूदला.

ट्रॉलीतच पडला. असा आत गेला का दिसलाच नाही. मले वाटलं गेला. त्या एवढ्या मोठ्या रस्त्यावर फक्त ट्रॅक्टरचा आवाज. मंग तनशीतून एक हात वर आला. मंग डोकं. कानात, नाकात काड्या, आन हसून राहिला.

तर होते, दादा. तुले विचारलं होतं ना होते का. होते. टीव्हीवर लहानू दाखवला. लोकायनं त्याले खांद्यावर घेतला. आन इंद्रजीत माह्याकडे पाहून राहिला होता, जसं म्या त्याच्या ताटात राख टाकली.

पायल

१४ जानेवारी

दादा,

ही शेवटची आहे. याच्यानंतर कागदही मांगाचा कोनाले.

इंद्रजीत गेला. हरिदास भैयाच्या हातापाया पडला, का एक मौका द्या. पुढचा खेळ माघपुनवेच्या मेळ्यात आहे, जांजगीरकडे. लहानू नाही म्हनला. म्हने एकदा झालं तेवढं लय झालं. तर आता इंद्रजीत कूदनार. मले तिकडे नेनार नाही, मेळ्यात पाय ठेवला तर पोट्टीले घेऊन घेईन म्हने. आता ट्रॉलीत कोन चढन?

जायच्या आधी म्या सांगतलं. म्हनलं, लहानू वाचला कारन दोर मी कापले होते. तनीस सुटी होती म्हनून वाचला. बांधलेलीवर पडला असता तर पाठ मोडली असती.

तो हसला. "तूने बचाया? तूने?"

"हव."

"फौजी ने जैसा लिखा, वैसा बांधा, तभी हुआ. पूरी दुनिया ने देखा."

ट्रॉलीवाल्याले विचाराले गेली. तो म्हने, दोर कापलेले होते खरे, पन मले वाटलं कूदल्यानं तुटले. तनीस तर संध्याकाळी गाईनं खाल्ली. आता माह्याजवळ दाखवाले काही नाही.

तिकडे नवीन पैरा घेतला आहे. बांधून ठेवला आहे, तुह्या हिशोबानं. चिठ्ठी त्याच्या खिशात आहे. जुनी झाली, घडीवर फाटली, तर त्यानं चिकटपट्टी लावली.

तो माहं नाही ऐकत. लहानूचं ऐकत नाही. एका तुहंच ऐकते, ज्यानं त्याले मानूस म्हनलं नाही. हे मले कधीच समजनार नाही, पन आहे असं.

म्हनून तू आता पुन्हा लिही. माह्या नावानं नको, त्याच्या नावानं लिही. वर 'इंद्रजीत जवाई' लिही. तू कधी म्हनला नाही, एकदा म्हन, कागदावर म्हननाऱ्याची जीभ झडत नाही. पत्ता खाली आहे, मेळ्याचा. लिही का हे काम होत नाही, कूदू नको. होते हे मले माहीत आहे, तरी होत नाही म्हनून लिही. फौजेत खोटं चालत नसन तर मंग खरं लिही, का बांधायचं नाही, सुटं ठेवायचं, हातानं उपसून नरम करायचं, जेवढं मोठं करता येईन तेवढं करायचं.

पन दादा, यावेळेस पैरा लिहू नको.

तनीस लिही. त्याले माहीत आहे तनीस म्हनजे काय. मले तो त्याच नावानं हाक मारते.

पायल